बाँड लिहिला, पद लिहायचं राहिलं

सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतलं एक मशीन शॉप. सहा व्हीएमसी, चार सीएनसी लेथ, कोपऱ्यात दोन जुनी रेडियल, हजेरीपटावर चौतीस माणसं. ट्रॅक्टर आणि पंपाच्या कास्टिंगचं, म्हणजे ओतीव भागांचं, मशिनिंग इथं जॉबवर्कवर, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांसाठी मजुरीनं, चालतं. मालकांना सगळे आण्णा म्हणतात. ते स्वतः आयटीआय टर्नर. भाड्याच्या शेडमध्ये एका लेथवर सुरुवात करून इथवर आलेत. या शॉपनं 2023 साली आपल्या एका कामगाराची बी.टेक.ची फी भरायला घेतली. दोन वर्षांत प्रकरण वकिलाच्या नोटिशीपर्यंत गेलं आणि नोटीस निघायच्या आदल्या दिवशी माझ्या टेबलावर आलं. मी या पट्ट्यातल्या लहान कारखान्यांचं पीएफ, ईएसआय आणि पगारपत्रकाचं काम बघतो, म्हणून. ओळख पटू नये यासाठी काही तपशील बदललेत. आकड्यांचं एकमेकांशी असलेलं नातं तसंच ठेवलंय.

कामगार म्हणजे मेकॅनिकलचा डिप्लोमा झालेला मुलगा. जुलै 2018मध्ये ट्रेनी म्हणून लागला, चार वर्षांत इन्स्पेक्शनचं बहुतेक काम त्याच्याकडं आलं. वडील तासगावकडचे, दीड एकर द्राक्ष. डिप्लोमानंतर थेट डिग्रीला जायची त्याची तयारी होती, पण त्या साली अवकाळीनं बाग गेली आणि शिक्षणाऐवजी नोकरी आली.

फी भरायची कल्पना आण्णांचीच, आणि ती दानधर्माच्या भावनेतून आलेली नव्हती. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढं भांडण झाल्यावर त्यांनी तिला उपकाराचा रंग दिला. खरं कारण साधं होतं. मोठ्या कस्टमरच्या ऑडिटमध्ये दरवेळी विचारणा व्हायची, प्रोसेस आणि कंट्रोल प्लॅनवर, म्हणजे माल कसा बनवायचा आणि तपासायचा याच्या आराखड्यावर, सही करणारा डिग्रीवाला इंजिनिअर कोण? सांगलीत वालचंद कॉलेज 1947 पासून आहे, आसपास आणखी कॉलेजं आहेत. पण तिथून बाहेर पडणारा मुलगा पुण्याची, बंगळुरूची गाडी पकडतो, कुपवाडच्या जॉबवर्क शॉपमध्ये थांबत नाही. आण्णांनी दोनदा ताजा डिग्रीवाला घेऊन बघितला. एक आठ महिन्यांत गेला, दुसरा दिवाळीचा बोनस घेऊन. मग ठरलं, आपलाच माणूस शिकवून तयार करायचा. हे गणित अगदी बरोबर होतं, आजही आहे.

कोर्स कोणता, इथंच पहिलं घोडं पेंड खायला लागलं. एका एजंटानं 'नोकरी सांभाळून दोन वर्षांत बी.टेक.' असा कागद आणून दिला होता. फी कमी, हजेरी नाही, परीक्षा एकाच बैठकीत. आण्णांना तो पटत आला होता. पण पत्रव्यवहारानं इंजिनिअरिंगची डिग्री देता येत नाही, असं सुप्रीम कोर्टानं नोव्हेंबर 2017मध्येच स्पष्ट केलंय. प्रात्यक्षिकाशिवाय इंजिनिअर होत नाही, इतकं ते सरळ आहे. पूर्वी एएमआयईची, म्हणजे इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स या संस्थेच्या परीक्षांची, वाट होती. परीक्षा देत देत कित्येक फोरमन त्या वाटेनं इंजिनिअर झाले. पण 31 मे 2013 नंतर नाव नोंदवलेल्यांच्या एएमआयईला डिग्रीची मान्यता राहिली नाही. म्हणजे शॉपमध्ये राहून शिकायचे जुने दोन्ही दरवाजे बंद.

तिसरा दरवाजा नेमका त्याच वर्षी उघडला. एआयसीटीईनं, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेनं, 2023-24 पासून नोकरदारांसाठी डिप्लोमा आणि डिग्रीचे वर्ग चालवायला मान्यता देणं सुरू केलं. कॉलेज नेहमीचंच, डिग्री नेहमीचीच, फक्त वेळ नोकरदाराच्या सोयीची. अट अशी की उमेदवाराला किमान एक वर्षाचा नोकरीचा अनुभव हवा आणि नोकरीचं ठिकाण कॉलेजपासून ठरावीक अंतरात हवं. डिप्लोमावाल्याला थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश, म्हणजे तीन वर्षं. जिल्ह्यातल्या एका कॉलेजात संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी वर्ग भरणार होते. फी वर्षाला 78,000. मुलाचा तेव्हाचा पगार हातात वीस हजारांच्या आत. बँकेचं शैक्षणिक कर्ज काढायचा विचार त्यानं केला होता, पण घरावर द्राक्षाचं पीककर्ज होतंच. वडील म्हणाले, आणखी एक हप्ता नको.

आण्णांचा पुतण्या अमेरिकेत आहे. तिकडं कंपन्या नोकरांची कॉलेजची फी भरतात आणि वर्षाला 5,250 डॉलरपर्यंतच्या मदतीवर नोकराला करही लागत नाही, हे त्यानं काकांना फोनवर सांगितलं होतं. ते खरं आहे. तिथल्या आयकर कायद्यात त्यासाठी 127 क्रमांकाचं वेगळं कलमच आहे. मात्र त्या कलमाची एक अट पुतण्याला माहीत नसावी किंवा त्यानं सांगितली नसावी: कंपनीनं योजना लेखी करायची आणि पात्र नोकरांना ती कळवायची. एकट्याला बाजूला घेऊन ठरवलेली मदत तिथं योजना ठरत नाही. कुपवाडला नेमकं तेच झालं.

करार झाला. शंभराच्या स्टॅम्प पेपरवर. तेव्हा शंभराचा चालायचा, ऑक्टोबर 2024 पासून महाराष्ट्रात अशा कागदाला पाचशेचा लागतो. मसुदा कोर्टाबाहेरच्या टायपिस्टनं कुठल्या तरी जुन्या नमुन्यावरून काढला होता. त्यात होतं ते असं: कंपनी तीन वर्षांची फी भरेल. कामगार डिग्रीनंतर पाच वर्षं नोकरी सोडणार नाही. सोडल्यास भरलेल्या फीच्या दुप्पट रक्कम एकरकमी देईल. नापास झाल्यास पुढील वर्षाची फी कंपनी भरणार नाही. डिप्लोमाचं मूळ प्रमाणपत्र आणि सही केलेला एक कोरा चेक कंपनीकडं जमा राहील.

हा कागद मी नंतर चार-पाच वेळा वाचला. मुलगा सोडून गेला तर काय, याला त्यात अर्धं पान आहे. मुलगा थांबला तर काय, याबद्दल अक्षर नाही. डिग्री झाल्यावर तो कोण होणार, पगार किती, सही कुणाची चालणार, काहीच नाही. आण्णांना विचारलं तर म्हणाले, "अहो, ते काय लिहायचं असतंय? आपलंच पोरगं हाय, बघू की." सगळं पाणी मुरलं ते या 'बघू की'मध्ये.

पहिल्या वर्षी सगळं बरं चाललं. वर्ग संध्याकाळी साडेपाचला सुरू व्हायचे. म्हणजे मुलाला कायम फर्स्ट शिफ्ट, सात ते साडेतीन. शॉपमध्ये शिफ्ट आठवड्यानं फिरते. एक माणूस कायम सकाळी अडकला की त्याच्या वाटणीची सेकंड दुसऱ्या कुणाला तरी करावी लागते. इन्स्पेक्शनला तिघंच जण. उरलेल्या दोघांच्या सेकंड वाढल्या, रात्री बाराला घरी जायचं आलं. त्यांना कुणी विचारलं नव्हतं, काही दिलंही नव्हतं. त्यातला एक मला म्हणाला, "फी आण्णा भरत्यात, झोप आमची जातीया." मालक आणि मुलगा दोघांच्याही हिशोबात हा खर्च कधी आला नाही.

मुलाचा स्वतःचाही एक खर्च होता, तोही कुणी मोजला नव्हता. कॉलेजच्या आधी तो महिन्याला साधारण वीस तास ओव्हरटाइम करायचा. फॅक्टरी कायद्यानं ओव्हरटाइम दुप्पट दरानं, त्यामुळं महिन्याला साडेचार हजारांच्या आसपास वर मिळायचे. कॉलेज सुरू झाल्यावर ते थांबलं. बावीस महिन्यांचे झाले सुमारे 99,000. तेवढ्याच काळात कंपनीनं भरलेली फी 1,56,000. म्हणजे आण्णांनी दीड लाख घातले हे खरं, आणि पोरानं त्याच कामासाठी लाखभर सोडले हेही खरं. पहिला आकडा रोज बोलला जायचा. दुसरा मी कागदावर मांडेपर्यंत मुलाच्याही लक्षात आलेला नव्हता. त्याला फक्त पैसे पुरत नाहीत एवढंच कळत होतं.

मूळ प्रमाणपत्राचाही घोळ झाला. विद्यापीठाच्या पात्रता तपासणीसाठी कॉलेजनं मूळ कागद मागितले. ते आण्णांच्या तिजोरीत, आण्णा तिरुपतीला. ज्या शिक्षणासाठी पैसे भरले त्याच शिक्षणाचा कागद अडकला. चार दिवसांनी तेवढ्यापुरता मिळाला, पण मुलानं त्यासाठी ज्या विनवण्या केल्या त्या तो विसरला नाही. मूळ प्रमाणपत्र ठेवून घ्यायची ही रीत आपल्याकडं दवाखान्यांपासून शाळांपर्यंत सगळीकडं आहे आणि मला ती पहिल्यापासून पटत नाही. कागद अडवला म्हणून माणूस कामात मन घालतो, असं मी पाहिलेलं नाही.

ठिणगी पडली 2025च्या एप्रिलमध्ये. कस्टमरचं ऑडिट आणि मशीन डिझाइनची प्रात्यक्षिक परीक्षा एकाच दिवशी आली. रजा आधी तोंडी मंजूर होती. आदल्या संध्याकाळी आण्णांनी फोन करून सांगितलं, उद्या यावंच लागेल, ऑडिटर तुझ्याशीच बोलणार. तो गेला. ऑडिट छान झालं, परीक्षा बुडाली, जूनमध्ये निकालावर त्या विषयापुढं बॅकलॉग लागला. आणि अकाउंटंटनं कराराचं कलम काढून दाखवलं: नापास झाल्यास पुढील वर्षाची फी नाही.

आण्णांना ते कलम वापरायचं होतं असं मला वाटत नाही. फाउंड्रीचं बिल थकलं होतं, पैशाची ओढाताण होती, म्हणून फी जरा पुढं ढकलावी एवढाच विचार असावा. पण मुलाला त्याचा अर्थ कळला तो वेगळा. तो कुणाला काही न बोलता कोल्हापूरजवळच्या शिरोलीतल्या एका कारखान्यात मुलाखत देऊन आला. तिथून 32,000 ची ऑफर आली. इथं मिळत होते 23,600. आणि शिरोलीहून कॉलेजही गाठता येत होतं.

त्यानं राजीनामा ठेवला तेव्हाचं आण्णांचं वाक्य शॉपमध्ये अजून फिरतंय: "फी भरायची आम्ही, आन् फळं खायची शिरोलीनं?"

त्यांच्या हातात एक व्हॉट्सअ‍ॅप मेसेज होता. 'सुप्रीम कोर्टाचा मोठा निर्णय, नोकरीचा बाँड वैध.' बातमी खोटी नव्हती. 14 मे 2025ला विजया बँकेच्या खटल्यात कोर्टानं खरंच तसा निकाल दिलाय. तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख भरायचे, अशी अट भरतीच्या जाहिरातीपासून होती. अधिकारी ती मान्य करून लागला, मुदतीआधी दुसऱ्या बँकेत गेला, पैसे भरले आणि मग अटीलाच आव्हान दिलं. कोर्टानं अट टिकवली. करार कायद्याचं 27 कलम माणसाला धंदा-नोकरीपासून अडवणारे करार रद्द ठरवतं. पण नोकरी चालू असतानाच्या काळापुरतं बंधन म्हणजे तशी अडवणूक नव्हे, हे 1967 साली सेंच्युरी स्पिनिंगच्या खटल्यातच ठरलं होतं. इथवर आण्णांची बाजू मजबूत.

पण मेसेजमध्ये निकालाचा अर्धाच भाग होता. दोन लाखांची रक्कम त्या अधिकाऱ्याच्या पगाराच्या मानानं अवास्तव नव्हती आणि सरकारी बँकेला नवी भरती करायला जाहिरात, परीक्षा, मुलाखती असा खरा खर्च येतो, हेही कोर्टानं बघितलं. आण्णांच्या करारात मागणी होती फीच्या दुप्पट, म्हणजे 3,12,000. मुलाच्या तेरा महिन्यांच्या पगाराएवढी. करार कायद्याचं 74 कलम सांगतं की करारात कितीही आकडा लिहा, मिळणार ती वाजवी भरपाई, आणि तो आकडा म्हणजे तिची कमाल मर्यादा. भरलेली फी परत मागणं एक वेळ वाजवी म्हणता येईल. तिची दुप्पट कशाबद्दल, याचं उत्तर आण्णांकडं नव्हतं. मी विचारल्यावर ते म्हणाले, "धाक बसावा म्हणून." धाक आणि भरपाई यांतला फरकच तर कोर्ट बघतं.

वसुलीचा त्यांचा बेत त्याहून कच्चा होता. शेवटचा पगार अडवायचा, ग्रॅच्युइटी अडवायची, उरलेल्यासाठी कोरा चेक भरून बँकेत टाकायचा.

पगाराचं बघू. पेमेंट ऑफ वेजेस कायदा तेव्हा 24,000 पर्यंतच्या पगाराला लागू होता, म्हणजे या मुलाला होता. कोणत्या कारणानं पगार कापता येतो याची त्यात यादी आहे. उचल दिली असेल तर तिचा हप्ता कापता येतो, पण एकूण कपात सर्वसाधारणपणे पगाराच्या निम्म्यावर जाऊ शकत नाही. बाँडचा दंड त्या यादीत नाही. अख्खा पगार अडवणं तर कुठंच बसत नाही.

ग्रॅच्युइटीचं तर नावही काढू नका, असं मी म्हणालो. सात वर्षं झालेली, मूळ पगार 18,000. दर वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, महिना सव्वीस दिवसांचा, या हिशोबानं 72,692 रुपये. कामगारानं नुकसान केलं, दंगा केला किंवा नैतिक अधःपतनाचा गुन्हा केला आणि त्यासाठी त्याला काढून टाकलं, अशाच कारणांनी ती रोखता येते. राजीनामा दिला म्हणून रोखता येत नाही. कोर्टाच्या हुकूमनाम्याच्या वसुलीसाठीही ग्रॅच्युइटीवर जप्ती आणता येत नाही, तिथं टायपिस्टच्या बाँडची काय कथा! (हे सगळं चार श्रमसंहिता लागू व्हायच्या आधीचं. 21 नोव्हेंबर 2025 पासून या कायद्यांच्या जागी संहिता आल्यात, कलमांचे क्रमांकही बदललेत. नवा करार करणाऱ्यानं ते नव्यानं बघून घ्यावेत.)

राहिला चेक. चेक न वटल्याबद्दल 138 कलमाची केस टाकायची, हा सल्ला त्यांना चहाच्या गाड्यावर मिळाला होता. 138 लागायला चेकमागं कायद्यानं वसूल होण्याजोगं देणं असावं लागतं. दुप्पट दंड तसं देणं ठरेल, याची हमी कुणी देऊ नये.

मुलाची बाजूही धुतल्या तांदळासारखी नव्हती. फी परत द्यावीच लागणार नाही, असं त्याला मित्रांनी सांगितलं होतं. ते चूक. सही त्यानं समजून केली होती, पैसे त्याच्याच नावानं कॉलेजात भरले गेले होते. पुढच्या पंधरा दिवसांत बदली माणूस मिळणार नाही हे माहीत असून त्यानं नोटीस पिरियडही पूर्ण द्यायचा नाही असं ठरवलं होतं.

करासंबंधी दोघांनाही काळजी होती, ती मी दोन मिनिटांत संपवली. नोकराची देणी मालकानं भरली तर ती रक्कम नोकराच्या पगारात धरून तिच्यावर कर लागू शकतो. कंपनीच्या गरजेसाठी दिलेलं प्रशिक्षण असेल तर तो धंद्याचा खर्च. कागदपत्रं कोणत्या बाजूला बोलतात त्यावर ते ठरतं. पण पावणेतीन-तीन लाखांच्या वर्षाच्या उत्पन्नावर फी मिळवली तरी मुलाला कर शून्यच येत होता, त्यामुळं त्याच्यापुरता हा वाद पुस्तकी. बिनव्याजी कर्ज म्हणून दाखवलं असतं तर वीस हजारांवरच्या रकमेवर स्टेट बँकेच्या दरानं वाचलेलं व्याज मुलाच्या उत्पन्नात मोजावं लागलं असतं. तेही इथं निष्फळ. आण्णांच्या खर्चाला धोका कमी होता, कारण मुलगा नात्यातला नव्हता. मालकाचा मुलगा परदेशी शिकायला जातो आणि खर्च कंपनीच्या वहीत पडतो, तेव्हा अधिकाऱ्याच्या भुवया वर जातात, आणि जायलाच हव्यात. एक पथ्य मात्र सांगितलं: दरमहा पगारपत्रकात 'शिक्षण भत्ता' असा रकाना काढू नका. फी थेट कॉलेजला, पावती फाइलला. पत्रकात भत्त्याचे रकाने वाढले की पीएफचे प्रश्न निघतात.

बैठक शॉपच्या केबिनमध्येच झाली. मुलगा, त्याचे वडील, आण्णा, अकाउंटंट आणि मी. वडील कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयतच्या शाळेत शिकलेले. 'कमवा आणि शिका' हे शब्द सातारा-सांगली पट्ट्यात लहानपणापासून कानावर असतात. ते हळू आवाजात म्हणाले, "आण्णा, कर्मवीरांनी पोरांकडनं कोरं चेक घेतलं व्हतं का?" आण्णा गप्प बसणाऱ्यातले नाहीत. "कर्मवीरांना पाच तारखेला चौतीस जणांचा पगार करायचा नव्हता, पाव्हणं." दोघंही हसले, आणि खरं बोलणं तिथून सुरू झालं.

मी दोन रकाने काढले. एकात कंपनीनं घातलेलं, दुसऱ्यात मुलानं सोडलेलं. ओव्हरटाइमचे 99,000 बघून आण्णा बराच वेळ कागदाकडं बघत राहिले. म्हणाले, "हे कुणी सांगितलंच नाही." मग मुलाला विचारलं, शिरोलीत काय आहे? पगार तर जास्त आहेच, तो म्हणाला, पण तिथं ऑफर लेटरवर लिहिलंय, क्वालिटी इंजिनिअर. "आण्णा, इथं डिग्री घेऊन मी काय होणार, ते मला आजपर्यंत कुणी सांगितलं नाही. पाच वर्षं थांबायचं ते व्हर्नियर धरूनच का?"

हे वाक्य ऐकल्यावर माझं काम निम्मं संपलं. आण्णांना तो प्रोसेस आणि क्वालिटीचा प्रमुख म्हणूनच हवा होता. दोन वर्षं ते कस्टमरला 'आमचा इंजिनिअर तयार होतोय' असं सांगतही होते. फक्त त्या मुलाला सोडून सगळ्यांना सांगितलं होतं.

नवा करार दोन पानांचा झाला. भाषा साधी मराठी, दोघांनी वाचून दाखवलेली.

पहिल्या वर्षाची 78,000 फी फिटली असं धरलं, बुडालेल्या ओव्हरटाइमपोटी. दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाची मिळून 1,56,000 बाकी. डिग्रीनंतर दर पूर्ण महिन्याच्या नोकरीला त्यातले 6,500 कमी होणार. चोवीस महिन्यांत शून्य. मध्येच सोडलं तर त्या दिवशी उरलेली बाकी तेवढीच द्यायची, दुप्पट नाही, व्याज नाही, सहा हप्त्यांत. आण्णा पाच वर्षांवर अडून होते. मी म्हणालो, दोन वर्षांत तुम्ही त्याला ठेवण्याजोगं काही केलं नाही, तर उरलेली तीन वर्षं तो नुसता हजेरी लावेल. यावर बराच वेळ गेला. शेवटी त्यांना पटलं ते माझ्या बोलण्यानं नव्हे, तर चोवीस महिने संपायच्या आधी पगारवाढ बोलायची, या मुलानंच सुचवलेल्या ओळीनं.

परीक्षेच्या दिवसांची पगारी रजा, वर्षाला पंधरा दिवसांपर्यंत. वेळापत्रक लागल्यापासून आठ दिवसांत मुलानं लेखी द्यायचं. त्यानंतर कंपनीनं रजा मोडली आणि परीक्षा बुडाली तर पुनर्परीक्षेची फी कंपनीची आणि निकालाचा फटका करारात धरायचा नाही. स्वतःच्या अभ्यासाअभावी विषय राहिला तर ती फी मुलाची. एप्रिलच्या बॅकलॉगचे पैसे कंपनीनं भरले.

कंपनीनं गैरवर्तनाशिवाय काढलं, किंवा शॉप बंद पडलं, विकलं गेलं, तर बाकी माफ. हे कलम जुन्या करारात नव्हतं. त्या कागदाप्रमाणं उद्या ऑर्डर कमी होऊन आण्णांनीच त्याला घरी बसवलं असतं, तर देणं कुणाचं यावर भांडण लागलं असतं.

आणि पद. निकालाच्या तारखेपासून तीन महिन्यांत 'प्रोसेस व क्वालिटी इंजिनिअर' म्हणून लेखी नेमणूक, पगार किमान 31,000, कंट्रोल प्लॅनवर त्याची सही. तीन महिन्यांत नेमणूक दिली नाही तर बाकी त्याच दिवशी शून्य. या कलमावर अकाउंटंटचा विरोध होता. "मालकालाच बाँड घातला की हो तुम्ही!" म्हणाला. घातला, हे खरंच आहे. एका बाजूला पैसा अडकतो आणि दुसऱ्या बाजूला काहीच अडकत नाही, अशा करारावर मी यापुढं शिक्का मारणार नाही, असं मी आण्णांना सांगितलं. 31,000 शिरोलीपेक्षा हजारानं कमी आणि तेही वर्षभरानं मिळणारे. पण कुपवाडहून तो सायकलवर घरी जातो, आणि लगेच म्हणून आण्णांनी पगारात अठराशेची वाढ दिली. राजीनामा त्यानं मागं घेतला. मूळ प्रमाणपत्र त्याच बैठकीत परत मिळालं, चेक त्याच्याच हातानं फाडला.

इन्स्पेक्शनच्या बाकी दोघांचं काय, हे मी शेवटी काढलं. त्यांना जादा सेकंड शिफ्टसाठी प्रत्येक शिफ्टला साठ रुपये द्यायचं ठरलं. रक्कम लहान आहे, आणि ते दोघं खूश आहेत असं मी म्हणणार नाही. त्यातल्या एकाला स्वतःलाच शिकायचं होतं. तो म्हणतो, मला 2023ला कुणी विचारलंच नाही. त्याची तक्रार रास्त आहे आणि तिच्यावर या करारात उत्तर नाही. म्हणून आण्णांकडून एक पान वेगळं लिहून घेतलं आणि हजेरी मशीनशेजारी लावलं: दरवर्षी एका माणसाला मदत, किमान दोन वर्षं नोकरी झालेली असावी, अर्ज मेअखेर, निवड आण्णा आणि दोन सुपरवायझर मिळून करणार, कोणते कोर्स चालतील त्यांची यादी खाली. दूरस्थ बी.टेक. त्या यादीत नाही, हे ठळक अक्षरात.

पहिला अर्ज आला तो इन्स्पेक्शनमधून नव्हे, स्टोअरमधल्या मुलीचा. बारावी कॉमर्स झालीय, बी.कॉम. करायचंय, मुक्त विद्यापीठातून. फी इंजिनिअरिंगच्या पासंगालाही पुरत नाही, आणि कॉमर्सची डिग्री दूरस्थ पद्धतीनं चालते. आण्णांचा प्रश्न असा, की बी.कॉम.चा शॉपला उपयोग काय? तिचं उत्तर अर्जातच आहे: स्टोअरची नोंद आणि जीएसटीची बिलं आज ती करतेच आहे, अकाउंटंट फक्त सही करतो. अर्जावर अकाउंटंटचा शेरा अजून आलेला नाही.